अप्पा घोडीवर, आई माडीवर

ता. ३, सोमवार

ती. आईस,
थोरलीचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे सुखरूप पोचलो. इथे फोन लागत नाही. घोड्यांच्या या फार्मच्या मालकीणबाईंनी फोन लागणार नाही अशीच जागा शोधली होती म्हणे, कारण घंटी वाजली की घोडे दचकतात. रोज सकाळी दुधाची गाडी गावात जाते, तिच्याबरोबर टपाल जातं. म्हणून इतक्या वर्षांनी तुला पत्र लिहिते आहे. अक्षराला हसू नकोस. दाताच्या डॉक्टरचं अक्षर आहे, त्याला औषधाच्या चिठ्ठीपलीकडची सवय नाही.

फार्म मोठं आहे. एका अंगाला तबेला, दुसऱ्या अंगाला पाहुण्यांच्या लाकडी खोल्या, आणि मधे चिखल. खोलीतल्या खुंट्या म्हणजे घोड्याचे नाल, दिव्याखाली घोडा, साबणसुद्धा घोड्याच्या आकाराचा. तुझ्या लिफ्टवाल्या लेकाच्या जुळ्या मुलींनी आल्या आल्या त्याचं डोकं झिजवलं, त्यामुळे आता आम्ही बिनडोक घोड्याने तोंड धुतो. मालकीणबाई घोड्यांना अहो-जाहो करतात आणि पाहुण्यांना अरे-तुरे. मी दातांची डॉक्टर आहे हे कळल्यापासून मला तेवढं 'अहो' मिळतं, आणि त्याच्या मोबदल्यात रोज एका घोड्याचा जबडा माझ्यापुढे उघडला जातो. दात माणसांपेक्षा बरे आहेत. तक्रारही कमी.

आत्या अप्पांपेक्षा मोठी आहे हे इथे कुणालाच पटत नाही. ती आल्याबरोबर घोड्यावर बसली, टेकडीपलीकडे गेली आणि कुणाची तरी टोपी घालून परत आली. कुणाची ते सांगत नाही. अप्पा कुंपणाला टेकून हे सगळं बघत होते आणि त्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं.

आता मुद्द्याचं. ज्यासाठी या सहलीचा घाट घातला, ती गोष्ट आज जेवणाच्या टेबलावर काढायची असं लिफ्टवाल्याने ठरवलं होतं. तुला माहीतच आहे: तुम्ही दोघांनी माडी सोडायची, खालचं शिड्यांचं दुकान बंद करायचं आणि त्याच्या घराशेजारच्या तळमजल्यावर राहायला यायचं. अप्पांच्या गुडघ्याला तो उभा जिना झेपत नाही हे त्यांच्याशिवाय सगळ्यांना दिसतं. मागे ते पायरीवरून घसरले तेव्हा, मी मुद्दामच बसलो, असं म्हणाले होते. तू आपली 'त्यांना विचारा' म्हणून मोकळी झालीस. लिफ्टवाल्याने येताना गाडीत भाषणाची तालीम केली होती. पण त्याला दम कुठे? चहाच्या वेळीच त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, अप्पा, गुडघा कसा आहे?

अप्पांनी कप खाली ठेवला. उठले, चिखल ओलांडून अंगणात गेले, चढण्यासाठी ठेवलेल्या लाकडी पायऱ्या चढले आणि तिथल्या सगळ्यात उंच घोडीवर जाऊन बसले. तिचं नाव गादी. पूर्वी ती नांगराला होती, आता म्हातारी झाली आहे, पाठ इतकी रुंद की तिच्यावर अंथरूण घालता येईल. वर बसून अप्पा म्हणाले, "हा घे गुडघा." आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्यानेसुद्धा.

हे चहाच्या वेळचं. आता आमचं जेवण झालं आणि अप्पा अजून घोडीवरच आहेत. हवा छान आहे, येतो जरा वेळाने, असं म्हणतात. सूप वरच दिलं. त्यांना उतरवायला जायची कुणाचीच छाती नाही, कारण दुकानाचा नियम आमच्या अंगात मुरलेला आहे: शिडीवरच्या माणसाला हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, सल्ला द्यायचा नाही. तो आपणहून उतरतो. घोडी म्हणजे शिडी नव्हे असं तुझी सून म्हणाली, पण ती या घरात उशिरा आली.

उद्या उतरले की लिफ्टवाला बोलणार आहे. घोडामैदान जवळच आहे. तू एकटी आहेस, जप. आहे तो लोभ दुधाच्या गाडीने पाठवत राहा.

तुझी,
थोरली


ता. ५, बुधवार

चि. थोरलीस,
माडीवरून अ. उ. आ.

तुझं पत्र आत्ताच मिस्त्रींनी खालून टोपलीत घातलं आणि मी खिडकीतून दोराने वर ओढलं. बरोबर पाव आणि अंडीही आली. अक्षराचं म्हणशील तर पहिल्या ओळीत मला 'आम्ही सगळे सुखरूप पोळलो' असं दिसलं आणि काळजाचा ठोका चुकला. चष्मा लावल्यावर निभावलं.

इकडे सगळं ठीक आहे. दुकान मिस्त्री बघतात, म्हणजे दुकानात झोपतात. काल एक रंगारी शिडी घ्यायला आला तेव्हा त्यांचं घोरणं मला वर ऐकू येत होतं. शेवटी मीच खिडकीतून ओरडून सौदा केला. छत किती उंच ते विचारलं, त्याप्रमाणे कुठली शिडी ते सांगितलं. तो म्हणाला, बाई, खाली येऊन दाखवा ना. मी म्हटलं, वरून जास्त चांगलं दिसतं. तुझे अप्पा असते तर त्याला आधी अर्धा तास पायऱ्यांमधल्या अंतरावर प्रवचन दिलं असतं.

आत्याची टोपी कुणाची ते शोधून काढ. तिच्या बाबतीत मला कशाचंच आश्चर्य वाटत नाही, पण उत्सुकता आहे. जुळ्यांना साबण खाऊ देऊ नकोस. आणि तू घोड्याच्या तोंडात हात घालतेस तेव्हा अंगठी काढून ठेवत जा.

लिफ्टवाल्याला सांग, घाई करू नको. आपलंच घोडं पुढे दामटायची त्याची लहानपणापासूनची खोड आहे. यांच्याशी बोलायचं तर आधी त्यांच्या कामाबद्दल बोलावं, मग जेवणाबद्दल, आणि मग गप्प बसावं. बाकीचं ते स्वतःच बोलतात, दोनएक वर्षांत.

(पान दुसरं)

आता खरं सांगते, आणि हे फक्त तुझ्यासाठी. तू लहान होतीस तेव्हा हे शेजाऱ्यांच्या छपरावर अँटेना बसवायला चढले होते. चढले, अँटेना बसवली, आणि खाली बघतात तर शिडी वाऱ्याने पडलेली. शिड्या विकणारा माणूस, ओरडणार कसा? दिवसभर छपरावर बसून राहिले. रस्त्यावरून जाणारे विचारत, काय हो, काय चाललंय, तर म्हणत, देखावा बघतोय. मी काही बोलले नाही. गुपचूप दुसरी शिडी आणून भिंतीला लावली आणि आत स्वयंपाकाला लागले. थोड्या वेळाने खाली आले. देखावा संपला, म्हणाले.

तेव्हा पोरी, ते रुसून बसलेले नाहीत आणि हवाही खात नाहीत. त्यांचा गुडघा धरला असणार. त्यांना उतरता येत नाही, आणि तसं म्हटलं तर माडीही जाईल आणि दुकानही, म्हणून बोलता येत नाही. इथेच घोडं पेंड खातंय. तुम्ही सगळे भाषणं बंद करा. घोडीच्या अंगाला लागून एक भक्कम टेबल ठेवा, त्यावर गादी-उशी टाका आणि सगळे आत निघून जा. खिडकीतून डोकावू नका. मी सांगितलं हे त्यांना कळता कामा नये.

लोभ भरपूर आहे, टोपलीत मावत नाही एवढाच प्रश्न.

तुझी,
आई


ता. ७, शुक्रवार

ती. आईस,
थोरलीचा शि. सा. न., चिखलातून वि. वि.

तुझं पत्र आलं. पहिलं पान वाचून खूप हसले. दुसरं पान गादीने खाल्लं.

म्हणजे झालं असं: मी अप्पांना टोपीचा मजकूर वाचून दाखवायला घोडीजवळ गेले. पहिलं पान हातात, दुसरं अजून न वाचलेलं, काखेत. तिने मान वळवली आणि काखेतलं पान ओढून घेतलं. मी जबड्यात हात घातला (अंगठी काढून), पण तोवर काम झालं होतं. मला फक्त 'अँटेना' एवढा एकच शब्द मिळाला, तोही ओला. त्या पानात काय होतं ते परत लिही. अँटेनाचा इथे काय संबंध?

कारण आम्हाला आता खरंच काही सुचत नाही. अप्पा अजून घोडीवर आहेत. तू विचारशील झोपतात कसे. दोन्ही अंगांनी गवताचे भारे रचलेत, ते घोडीच्या मानेवर उशी घेऊन कलंडतात आणि ती उभ्या उभ्या झोपते. सकाळी दोघं एकाच वेळी जांभई देतात. तुझा त्याच्या पुढचा प्रश्नही मला कळला. त्याची व्यवस्था झाली आहे. लिफ्टवाला आणि एक बादली, एवढंच सांगते. मालकीणबाईंना घोडीची काळजी वाटेल म्हणून मी माफी मागायला गेले, तर त्यांचे डोळे भरून आले होते. गादी आजवर प्रत्येकाला पाडायची म्हणे. इतकी समाधानी ती नांगर सुटल्यापासून दिसली नव्हती.

त्याच भाऱ्यांवर पाय टेकून उतरा, असं मालकीणबाईंनी सुचवलं, तर अप्पा म्हणाले, भारा म्हणजे जिना नव्हे. मग लिफ्टवाल्याने तबेल्यातली शिडी आणली. अप्पांनी ती वरूनच न्याहाळली. म्हणाले, पायऱ्या सारख्या अंतरावर नाहीत, लाकूड ओलं असताना कापलंय, असल्या शिडीवर पाय ठेवला तर आपल्या दुकानाला तोंड दाखवता येणार नाही. शिडी परत गेली. वर तिला रंधा मारायला सांगितलंय.

लिफ्टवाल्याला पक्कं वाटतं की अप्पांना आपला बेत कळलाय आणि ते हट्ट धरून बसलेत. म्हणून त्याने परवा माघार घेतली: तळमजल्यावरचं घर रद्द. अप्पा म्हणाले, बरं, आणि बसून राहिले. काल त्याने दुकानाला नवी पाटी कबूल केली. अप्पा म्हणाले, बरं, आणि बसून राहिले. आज सकाळी तो म्हणाला की पुढची दहा वर्षं तो जिन्याचं नाव काढणार नाही. हे ऐकून अप्पांचा चेहरा इतका पडला की मला काही कळेना. सगळं मनासारखं होऊनही माणूस उतरत नाही, म्हणजे त्याला पाहिजे तरी काय?

त्यात इतर पाहुणे. उंचावर बसलेल्या माणसाला अक्कल असते असा लोकांचा समज दिसतो. आधी एक जोडपं भांडण घेऊन आलं, अप्पांनी दोघांनाही चूक ठरवलं आणि ते हात धरून गेले. तेव्हापासून दुपारी रांग लागते. एका पोस्टमास्तरांनी मुलीच्या लग्नाबद्दल विचारलं, एका बेकरीवाल्याने भट्टीबद्दल. अप्पा सगळ्यांना एकच सांगतात, पाया सपाट आहे का बघा. आणि आश्चर्य म्हणजे सगळ्यांना ते पटतं. टोपी त्या बेकरीवाल्याची निघाली. तो अप्पांकडे आत्याविरुद्ध दाद मागायला आला होता, पण आत्या समोर येताच म्हणाला की राहू दे, त्यांनाच जास्त शोभते.

आई, गंमत पुरे. काल मी अप्पांना पांघरूण द्यायला गेले तर ते एकटेच गुडघा चोळत होते. मला बघून, माशी होती, म्हणाले. मला रडू आलं. तू ये ना. मिस्त्री तुला गाडीत बसवून देतील. तुला घोड्यांची भीती वाटते हे मान्य, पण तू लांब उभी राहा. तू आता खाली उतरायचंच सोडलंयस. टोपलीतून सगळं वर मागवतेस, राणीसाहेब झालीयस. एकदा उतर.

लिफ्टवाल्याची चिठ्ठी सोबत आहे. लोभ असू दे, आणि यावेळी एकाच पानात मावेल इतका असू दे.

तुझी,
थोरली


(सोबतची चिठ्ठी)

ती. आईस सा. न. वि. वि.

परिस्थितीचा अहवाल असा. घोडीची उंची पाठीपर्यंत माझ्या खांद्याच्या वर. अप्पांचं वजन दुकानातल्या काट्यावर शेवटचं झालं तेवढंच असावं. तबेल्याच्या आढ्याला गवताचे भारे वर ओढायची कप्पी आणि दोर आहे, दोन्ही मी तपासले, उत्तम स्थितीत आहेत. खुर्ची बांधून मी त्यांना चहा निवायच्या आत खाली आणू शकतो.

पण हात लावायचा नाही. मी विचारायला गेलो की ते माझ्याकडे असं बघतात, जणू मी लहान आहे आणि शिडी हलवतोय.

आई, मी रोज अडकलेल्या लिफ्टमधून अनोळखी माणसं काढतो. ती माझा हात धरतात, कधी गळ्यात पडून रडतात. आणि इथे स्वतःचा बाप डोळ्यांपुढे वर बसलाय आणि मी खाली बादली धरून उभा आहे. मला वाटलं होतं तुम्हाला जवळ आणावं. जिना हे निमित्त होतं. हे कुणाला सांगू नकोस.

तुझा,
लिफ्टवाला


ता. ९, रविवार

चि. थोरलीस अ. उ. आ.

खाल्लेल्या पानात विशेष काही नव्हतं. ते परत लिहिणार नाही. आधी वाटलं होतं की युक्तीने काम भागेल, पण तुझ्या भावाची चिठ्ठी वाचली आणि युक्त्यांचा कंटाळा आला. सोबतचं पत्र अप्पांना दे. तू वाचू नकोस. हात उंच करून दे, घोडीचं तोंड दुसऱ्या बाजूला असताना. घरातलं शहाणपण एकदा तिच्या पोटात गेलंय, तेवढं पुरे.

आई


(सोबतचं पत्र)

घोडीवर मुक्काम ठोकलेल्यांस,
माडीवर मुक्काम ठोकलेलीचा नमस्कार. वि. वि.

पत्र वाचताना तोंडाने पुटपुटू नका, सगळे बघत असतील.

तुमची कीर्ती कानावर आली. न्यायनिवाडे करता म्हणे. मग माझंही एक प्रकरण घ्या.

मी तुम्हाला सांगितलं होतं की मला घोड्यांची भीती वाटते, म्हणून मी येत नाही. ती थाप होती. घोड्यांचं माझं काही वाकडं नाही. मला जिना उतरता येत नाही. सहलीचं ठरलं तेव्हा मी बॅग भरली होती. तुम्ही दुकानात असताना वरच्या पायरीवर उभी राहिले, कठडा धरला, आणि पाय खाली जाईना. मग परत आत येऊन बॅग रिकामी केली. हे काही त्याच दिवसाचं नाही. बरेच महिने झाले. टोपली ही माझी हौस आहे असं तुम्ही सगळ्यांना कौतुकाने सांगता, नवा दोरही आणून दिलात. हौस कसली? तुम्ही कामावरून वर आलात की तुमचा श्वास मला दारापर्यंत ऐकू यायचा, आणि तुम्ही म्हणायचा, आज उगाच धावत आलो. मी म्हणायचे, हो का. दोघंही एकमेकांना सांभाळत बसलो, आणि त्यापायी मी वर अडकले.

मला वाटायचं, मी बोलले तर तुम्हाला वाटेल की मीही मुलांच्या बाजूने झाले. तुम्ही स्वतःच्या हाताने केलेला जिना. त्याच्या प्रत्येक पायरीला तुम्ही माझ्या पावलाचं माप घेतलं होतं, विसरले नाही मी. जिन्यात खोट नाही. पावलं म्हातारी झाली.

तुमच्या बाबतीत मी काही विचारत नाही. तुम्ही हवा खात असाल तर खुशाल खा. फक्त एक सांगते. शिडीवरच्या माणसाला कुणी हाक मारू नये, हा तुमचा नियम बरोबर आहे. पण शिडीवरच्या माणसाने कुणाला हाक मारू नये, असं आपल्या दुकानात कुठेही लिहिलेलं नाही. मी आत्ता मारली आहे. बघा ऐकू येते का.

लोभ आहे हे इतक्या वर्षांनी काय लिहायचं? पण आहे.

तुमची,
माडीवाली


ता. १०, सोमवार

माडीवालीस,
आशीर्वाद की नमस्कार ते तूच ठरव. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. थोरलीने हात उंच करून दिलं तरी गादीने कोपरा खाल्लाच. महत्त्वाचं सगळं वाचता आलं. मी पुटपुटलो नाही. नाक तेवढं पुसलं, तर जुळ्यांनी लगेच आत जाऊन सांगितलं की आजोबांना सर्दी झाली.

पत्र दोनदा वाचलं. मग मी लिफ्टवाल्याला हाक मारली. कुणी हललं नाही. जन्मात कधी वरून हाक मारली नसल्यामुळे त्यांना वाटलं घोडी खिंकाळली. पुन्हा मारली. तेव्हा सगळे दारात येऊन उभे राहिले, हातात घास तसेच. मी म्हणालो,

"मला उतरता येत नाही."

एवढंच म्हणालो. इतके दिवस मला वाटत होतं की हे वाक्य तोंडातून निघालं की माडी कोसळेल. काही झालं नाही. आत्या म्हणाली की तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण माझे निवाडे ऐकायला मजा येत होती. तिला लहानपणापासून अक्कल नाही.

लिफ्टवाला मात्र चिखलातून अनवाणी धावत आला. त्याने गादीला तबेल्याच्या आढ्याखाली नेलं, कप्पी लावली, खुर्ची बांधली. मी दोराच्या गाठी तपासल्या. एकही गाठ सैल नव्हती. घोडीवरून खुर्चीत सरकताना मला त्याच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला, तो घेतला. त्याने विचारलं, खाली आणू का? मी म्हटलं, आण. हळूहळू आणलं, धक्का म्हणून लागला नाही. खाली पोचल्यावर त्याने माझा हात सोडला नाही, मीही सोडवून घेतला नाही. पोराचं काम चोख आहे. हे तू त्याला सांगू नकोस, मी सांगितलं आहे.

गुडघा डॉक्टरला दाखवायचा आहे. थोरली म्हणते की ती फक्त तोंडाची डॉक्टर आहे, पण माझ्या बाबतीत दुखणं तिथेच होतं.

गादी रुसली आहे. खात नाही. तिची समजूत काढून उद्या निघतो.

तू जागची हलू नकोस. जिन्याकडे जाऊ नकोस. उगाच प्रयत्न करू नकोस. आम्ही येतोय, दोर आणि कप्पी घेऊन येतोय. मालकीणबाईंनी ती उसनी दिली आहे, त्या आता मलाही अहो म्हणतात. तू लबाड आहेस. मला वाटत होतं टोपली ही हौस आहे.

लोभ काय तो समोरासमोर.

तुझा,
(आता जमिनीवर)


ता. २, रविवार

चि. थोरलीस,
खालून अ. उ. आ.

'खालून' लिहिताना अजून गंमत वाटते. तू दवाखान्यासाठी परस्पर निघून गेलीस, त्यामुळे माझी मिरवणूक बघायची तुझी राहिली. म्हणून आता फोन चालत असूनही पत्रच लिहिते. फोनवर तू मधे बोलतेस.

लिफ्टवाल्याने खिडकीच्या वर तुळई ठोकली, कप्पी अडकवली आणि मला माझ्याच आरामखुर्चीत बांधून बाहेर काढलं. खाली अख्खा रस्ता गोळा. तुझे अप्पा काठी टेकत मधोमध उभे, आणि सगळ्यांना ओरडून सांगत होते की हात लावू नका, सल्ला देऊ नका. अर्ध्यात आल्यावर मी म्हटलं, थांबव. लिफ्टवाला घाबरला, काय झालं म्हणून. काही नाही, मला जरा रस्ता बघायचा होता. इतके महिने एकाच खिडकीतून एकच तुकडा दिसत होता. डावीकडे चपलांचं नवं दुकान झालंय, तुम्ही कुणी मला सांगितलं नाहीत. मी खुर्चीतूनच भाव विचारला. महाग आहेत.

तर आता व्यवस्था अशी आहे: शिड्या वर आणि आम्ही खाली. लिफ्टवाल्याने मला खाली ठेवलं ते दुकानात, आणि मी तिथे बसल्या बसल्या सगळीकडे नजर फिरवली. उजेड छान, रस्ता समोर, मोरी मागे. मी म्हटलं, मला इथून कुठेही जायचं नाही. अप्पा म्हणाले, मग शिड्या कुठे जाणार? मिस्त्री झोपेतून उठून म्हणाले, वर. शिड्यांना जिन्याचा त्रास होत नाही, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता पलंग काउंटरच्या जागी आहे. गिऱ्हाईक आलं की मिस्त्री माडीवरून दोराने शिडी खाली सोडतात, आणि अप्पा खुर्चीत बसून पायऱ्यांमधल्या अंतरावर प्रवचन देतात. परवा एकजण शिडी न घेता नुसतं आपलं भांडण सोडवून घेऊन गेला.

लिफ्टवाला रोज संध्याकाळी येतो. कप्पीला तेल घालायचं निमित्त असतं. तिला एवढं तेल कशाला लागतं ते मी विचारत नाही. बाप-लेक दोराबद्दल बोलतात, मग जेवणाबद्दल, मग गप्प बसतात. चाललंय छान.

गादीने अजून दुसऱ्या कुणाला पाठीवर बसू दिलेलं नाही. मालकीणबाईंनी तसं कळवल्यापासून तुझे अप्पा तिला दर आठवड्याला पत्र लिहितात. चांगलं पानभर लिहितात, वर मला मोठ्याने वाचूनही दाखवतात. उत्तर येतं की आवडीने खाल्लं. आत्या महिनाभर तिकडेच राहणार आहे म्हणे, बेकरीवाला रोज पाव पोचवायला येतो.

आणि एक. काल खुर्चीतून उठताना यांनी आपणहून हात पुढे केला. मी तो धरला आणि ओढायला गेले, तर माझाच गुडघा अडला. तेव्हा त्यांनी मला आधार द्यायला बघितलं, आणि ते अर्धे उठलेले, मी अर्धी वाकलेली, असे आम्ही दोघं मधल्या मधे अडकलो. रस्त्यावरचे लोक बघत होते. त्यांनी मला विचारलं, "हाक मारायची का कुणाला?" मी म्हटलं, मारू, पण जरा थांबा, देखावा चांगला आहे.

लोभ आहेच. वाढवायला ये कधीही, आता मधे जिना नाही.

तुझी,
आई